डोंगल, कोड रीडर की स्कॅनर? घरी गाडी बघणाऱ्याने काय घ्यावं

स्टिअरिंगखाली गुडघ्यापाशी चाचपडलं की सोळा पिनांचं एक सॉकेट हाताला लागतं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल मोटारींना हे प्रकरण सक्तीचं झालं, आणि पुढे जगभर तेच रुळलं. ओबीडी-२ म्हणतात ते हेच; गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड इथूनच वाचता येतात. आता त्यात काय खुपसायचं, हा प्रश्न. काडेपेटीएवढ्या डोंगलपासून टॅब्लेटएवढ्या स्कॅनरपर्यंत इतकं काही मिळतं की नवखा माणूस फीचर्सची यादी वाचूनच दमतो. मी तिन्ही प्रकार वापरले आहेत. त्यातला एक शेवटी देऊनही टाकला.

आधी एक गोष्ट. ऑइल, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, स्पार्क प्लग यांपैकी कशालाच बहुतेक गाड्यांत स्कॅनर लागत नाही. सर्व्हिसची आठवण करून देणारा संदेशही बऱ्याचदा डॅशबोर्डच्या मेनूतूनच घालवता येतो. मॅन्युअल उघडून बघा. तेवढंच करणार असाल तर ट्रे, टॉर्क रेंच आणि गाडी उचलून ठेवायला भक्कम स्टँड घ्या, आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

डोंगल

सॉकेटमध्ये बसणारी छोटी डबी ब्लूटूथ किंवा वायफायने फोनशी बोलते आणि बाकी सगळं काम अ‍ॅप करतं. यातल्या बहुतेकांचा मूळपुरुष ईएलएम३२७ नावाची चिप. ती काढणाऱ्या कंपनीने पहिल्या आवृत्तीत नक्कलविरोधी कुलूप लावलंच नव्हतं. मग व्हायचं ते झालं आणि नकलांचा पूर आला. आज ‘आवृत्ती २.१’ असं मिरवणाऱ्या अनेक डबड्यांत मूळ चिपच्या कितीतरी कमांड नसतात. अ‍ॅप जोडलं जातं, कोड दिसतो, पण लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असताना सेन्सरचे बदलते आकडे, अडखळतो, किंवा मध्येच जोडणी तुटते. म्हणून डोंगल घ्यायचा तर अगदी तळाचा घेऊ नका. अ‍ॅप बनवणारे स्वतः ज्या अडॅप्टरची शिफारस करतात, त्यांतलाच एखादा घ्या.

चांगला डोंगल इंजिनाचे कोड वाचतो आणि पुसतो. डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा लागला त्या क्षणी वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान काय होतं याची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, दाखवतो. आणि लाइव्ह डेटा देतो. माझ्या मते पैसे मोजायचे ते या शेवटच्या गोष्टीसाठी.

कारण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ आला की त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त आहे. का, ते कोड सांगत नाही. माझ्या गाडीला हा कोड आला तेव्हा एका गॅरेजमध्ये तो वाचून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचा सल्ला मिळाला. मी घरी येऊन डोंगल लावला. इंजिन तापल्यावर आयडलिंगला शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची बेरीज २२ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा इतकं जास्त इंधन ओतत होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमवर धरला, तर आकडा उतरत उतरत ५ वर आला. म्हणजे कुठूनतरी चोरवाटेने हवा आत शिरते आहे. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यामुळे चोरटी हवा त्यात ठळक दिसते. आरपीएम वाढला की एकूण हवेत ती हरवून जाते. फ्युएल पंप दुबळा असता तर चित्र उलटं दिसलं असतं, लोड वाढेल तसा आकडा चढला असता.

बोनेट उघडून, पट्ट्यापासून हात लांब ठेवून, रबरी पाइप एकेक करून वाकवत गेलो. पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातले वायू परत आत ओढून घेणाऱ्या, पाइपाला खालच्या अंगाला, जिथे नजर जात नाही तिथे, नखाएवढी भेग होती. बोटाने दाबून धरली आणि फोनवरचा आकडा खाली यायला लागला. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता.

हातातला कोड रीडर

वायरवाला, छोट्या स्क्रीनचा, चार बटणांचा. देऊन टाकला तो हाच. वाईट नव्हता. फोन नको, अ‍ॅप नको, वीज सॉकेटमधूनच घेतो, आणि लावल्यावर काही सेकंदांत कोड समोर. गाडीच्या खणात पडून राहायला, किंवा ज्याला फोनशी झटापट नको त्याला उत्तम. पण साध्या रीडरच्या स्क्रीनवर लाइव्ह डेटाच्या चारपाच ओळी एका वेळी दिसतात, आलेख असला तर कामचलाऊ. वर सांगितलेली ट्रिमची भानगड त्यावर पकडायची म्हणजे डोळे ताणायचे.

या रीडरवर कोड पुसायचं बटण हाताशीच असतं, म्हणून एक सावधगिरी. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे रेडीनेस मॉनिटर, शून्यावर येतात. त्या पूर्ण व्हायला पुन्हा काही दिवस थंड-गरम, शहर-हायवे असं चालवावं लागतं. उत्सर्जन चाचणीच्या आदल्या दिवशी दिवा घालवणारे इथेच फसतात. शिवाय २०१० पासून अमेरिकेतल्या गाड्यांत ‘पर्मनंट’ कोड येऊ लागले; ते कुठल्याही स्कॅनरने पुसले जात नाहीत, दोष गेल्याची खात्री पटल्यावर गाडी स्वतःच ते काढते. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा, बस्स.

दुतर्फा स्कॅनर

डोंगल आणि साधा रीडर बहुतांशी ऐकतात. दुतर्फा स्कॅनर गाडीला हुकूमही देतो: पंखा फिरव, पंप चालू कर, हा व्हॉल्व्ह उघड. एबीएस, एअरबॅग, बॉडी कंट्रोल अशा इंजिनाबाहेरच्या मॉड्यूलशीही, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरशीही, तो बोलतो. किंमत अर्थातच वरच्या पायरीची, आणि कित्येकांना ठरावीक काळानंतर अपडेटचे पैसे मोजत राहावे लागतात.

याची गरज खरी कधी पडते? माझ्या मते सर्वांत ठोस कारण मागचे ब्रेक पॅड. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत कॅलिपरवरच एक छोटी मोटर असते आणि ती आतल्या स्क्रूने पिस्टन दाबून धरते. जुन्या सवयीने क्लॅम्प लावून पिस्टन मागे रेटलात, तर स्क्रू किंवा गिअर मोडून बसतो. स्कॅनरवर सर्व्हिस मोड निवडला की दोन्ही बाजूंनी ‘घर्रर्र’ आवाज येतो, मोटर स्क्रू मागे घेते, आणि मग पिस्टन निमूट आत जातो. काही गाड्यांत हाच मोड पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने स्कॅनरशिवायही लागतो, तेव्हा आधी सर्व्हिस मॅन्युअल चाळा. कदाचित तुमचा खर्च तिथेच वाचेल.

दुसरं कारण एबीएस ब्लॉकमधली हवा काढणं, तिसरं डिझेल. इंजेक्टर बदलला की त्याच्यावरचा कोड कॉम्प्युटरला सांगावा लागतो. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबला आणि ती काजळी जाळायची तर रिजनरेशनचा हुकूम द्यावा लागतो. हे शेवटचं काम घरी करताना मला अजूनही धाकधूक वाटते. फिल्टरमधलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. बंद शेडमध्ये किंवा वाळक्या गवतावर हे कदापि नाही. आणि फिल्टर तुंबला का, हे शोधल्याशिवाय नुसतं जाळत राहण्यात काही राम नाही.

खोक्यावरच्या ‘ऑल सिस्टीम’ या शब्दांवर जाऊ नका. तुमची कंपनी, मॉडेल आणि वर्ष घालून नेमकं कुठलं काम होतं, ती यादी तपासा. फियाट क्रायस्लरच्या २०१८ पासूनच्या बऱ्याच गाड्यांत सॉकेटच्या मागे सुरक्षा गेटवे बसला आहे. नोंदणीशिवाय तिथे कोड वाचता येतात, पण हुकूम चालत नाहीत.

चौथी वाट

घरात एकाच समूहाच्या गाड्या असतील तर मी महागडा स्कॅनर घेण्याआधी त्या समूहापुरतं सॉफ्टवेअर बघेन. फोक्सवॅगन समूहासाठी व्हीसीडीएस, फोर्ड आणि माझदासाठी फोरस्कॅन. लॅपटॉप आणि योग्य केबल एवढ्यावर स्कॅनरची बरीच कामं होतात. ‘योग्य’ शब्द मात्र महत्त्वाचा. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा वेगवान कॅन बस, म्हणजे मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी, ६ आणि १४ या पिनांवर असतो, तर इतर काही मॉड्यूल ३ आणि ११ वरच्या संथ बसवर. साधा डोंगल त्या दुसऱ्या जोडीला शिवतच नाही, त्यामुळे ती मॉड्यूल त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात.

या सॉफ्टवेअरमध्ये कोडिंग, म्हणजे मॉड्यूलच्या सेटिंग्ज, बदलायची सोय हाताशी असते आणि मोह आवरत नाही. जुनी किंमत लिहून ठेवल्याशिवाय काही बदलू नका, आणि मॉड्यूलमध्ये नवं सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला भक्कम वीजपुरवठा जोडलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल कायमचं गप्प होऊ शकतं.

मी काय घेतलं असतं

पेट्रोल गाडी आणि हातात ओढायचा साधा हँडब्रेक असेल तर शिफारस केलेला डोंगल आणि एक मल्टिमीटर. डगमगायचं कारण नाही. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल आणि ब्रेकचं काम स्वतः करायची तयारी असेल, किंवा डिझेल असेल, तरच दुतर्फा स्कॅनर किंवा चौथी वाट. विंडस्क्रीन बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन आणि एअरबॅगची दुरुस्ती या दोन गोष्टींसाठी यातलं काहीच घेऊ नका. ती कामं बाहेर द्या.

मल्टिमीटरला मी स्कॅनरच्या बरोबरीचं मानतो. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दुबळ्या बॅटरीमुळे एकमेकांशी संबंध नसलेल्या मॉड्यूलचे कोड एकदम उगवतात आणि माणूस सेन्सर बदलत सुटतो. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त होतो, म्हणून तिथे एका आकड्यावर अडून बसू नका.

काहीही घेतलंत तरी पहिल्याच दिवशी, गाडी ठणठणीत असतानाच, ते जोडा. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद, आयडलिंगला ट्रिम किती, कूलंटचं तापमान किती, एअरफ्लो किती. मग हेच आकडे २५०० आरपीएमवर. माझ्या सर्व्हिसच्या वहीत ट्रिमचा आकडा ३ लिहिलेला होता, म्हणून २२ दिसल्यावर मला कोणाला विचारायला जावं लागलं नाही. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. कित्येक स्वस्त डबड्या गाडी बंद असतानाही वीज पीत राहतात, आणि त्यांचा ब्लूटूथ पिन १२३४ असतो.