लालबागचं बिनपाटीचं गॅरेज आणि तिथला ‘वाटेचा डबा’

जुनी बुलेट, येझदी किंवा यामाहा आरएक्स अशी मोटरसायकल घेऊन मुंबईबाहेर पडणाऱ्यांसाठी हे लिहितेय. नव्या गाडीवाल्यांना याचा फारसा उपयोग नाही. या गॅरेजचे मिस्त्री त्यांच्या गाड्या घेतही नाहीत. फ्युएल इंजेक्शनची गाडी दारात आली की हात जोडतात आणि पुढच्या नाक्यावर पाठवतात.

लालबाग आणि काळाचौकीच्या मधल्या एका गल्लीत, चाळीच्या तळमजल्यावर हा गाळा आहे. पाटी नाही. दारात जुन्या सायलेन्सरांचा ढीग आणि भिंतीला टांगलेल्या केबल्या दिसल्या की समजायचं, आलो. आत दोनच गाड्या मावतात, तिसरी बाहेर फुटपाथला. मिस्त्री कणकवलीकडचे, सत्तरीला टेकलेले. वडील गिरणीत फिटर होते, कानस धरायला त्यांनीच शिकवलं म्हणतात. गिऱ्हाईक बाई असेल तर ‘गो बाय’, पुरुष असेल तर ‘रे झिला’. मी त्यांना मिस्त्रीकाका म्हणते.

माझी १९९४ ची बुलेट ३५० आहे. कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर आणि तेही उजव्या पायाला. या गाडीचं एक विचित्र दुखणं होतं. थोडं अंतर व्यवस्थित जायची, मग गुदमरून बंद पडायची. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा एका किकमध्ये चालू. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने आख्खा कार्ब्युरेटर बदलायला सांगितला. काकांनी पानासुद्धा उचलला नाही. मागे बसले आणि म्हणाले, ‘चल, शिवडीपर्यंत जावया.’ गाडी रे रोडच्या आसपास गुदमरायला लागली तसं त्यांनी मला बाजूला घ्यायला लावलं आणि टाकीचं झाकण उघडायला सांगितलं. फुस्स करून हवा आत शिरली. झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तितकीच हवा आत यायला हवी. ती येत नव्हती म्हणून फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी, रिकामा पडत होता. रॉकेलच्या स्टोव्हची पिन भोकातून फिरवली, काम संपलं. वीस रुपये घेतले.

तेव्हापासून मी लांब जायच्या आधी त्यांच्याकडे ‘वाटेची तयारी’ करून घेते. ही त्यांची खरी सेवा, आणि मुंबईत दुसरीकडे कुठे ती अशी मिळालेली मला माहीत नाही. अर्धा दिवस लागतो, आठशे रुपये. गाडी मात्र तुम्ही उघडायची. ते स्टुलावर बसून सांगतात, हात आपले काळे होतात. क्लच केबल काढून परत बसवायची, पॉइंट (प्लगला ठिणगी देण्यासाठी उघडझाप करणारा संपर्क) साफ करून गॅप लावायचा, चेनलॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) काढून घालायचा, हेडलाइटची रिंग काढून आतल्या वायरी बघायच्या. जे काम मुंबई-गोवा रस्त्यावरच्या काशेडी घाटात अंधारात करावं लागेल ते आधी लालबागमध्ये उजेडात झालेलं असावं, एवढाच त्यांचा आग्रह. शेवटी एक पत्र्याचा डबा देतात, सातशे रुपयांचा. तोच हा वाटेचा डबा.

डब्यात काय काय असतं? बांधकामवाले सळ्या बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायर, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, केबल टाय, एम-सील (दोन गोळे मळून गळती बुजवायची लांबी), कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा, पॉलिश पेपर, दोन फ्यूज, चेनलॉक, स्टोव्हची पिन, एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड आणि वायर जोडायच्या प्लास्टिकच्या पट्टीतून काढलेले तीन पितळी कनेक्टर. शिवाय एक स्क्रू ड्रायव्हर आणि इंचाच्या मापाचे दोन पाने, कारण या जुन्या इंजिनाच्या बऱ्याच नटांना मिलिमीटरचा पाना नीट बसतच नाही आणि जबरदस्ती केली की नटाचे कोपरे जातात.

पितळी कनेक्टरबद्दल सविस्तर सांगते, कारण डब्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. क्लचची केबल बहुतेक वेळा लिव्हरच्या टोकाला, निपलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळ्यापाशी तुटते. तार तिथेच रोज वाकते आणि एकेक धागा सुटत जातो. निपल गेलं की लिव्हर नुसती लोंबते. तेव्हा आधी खालचा ॲडजस्टर पूर्ण सैल सोडायचा, म्हणजे तारेला वर थोडी मोकळीक मिळते. तुटक्या टोकावर टेपचा एक वेढा घट्ट घालायचा आणि मग त्या टेपवरूनच कापायचं. नाहीतर धागे फिस्कारतात आणि भोकात जात नाहीत. तार लिव्हरच्या खाचेतून घ्यायची, तिच्यावर कनेक्टर चढवायचा आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळायचे. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर तार कडेला सरकते. मग पक्कडीने तार ओढून बघायची. सरकली तर पुन्हा आवळायची. एक-दोन किलोमीटर गेल्यावर थांबून परत एकदा आवळायचा, हे काका प्रत्येक वेळी बजावतात आणि ते खरंच लागतं, कारण तार दबून पातळ होते. असा कनेक्टर घेऊन मी पोलादपूरहून पनवेलपर्यंत आलेली आहे, मधल्या सगळ्या डायव्हर्शन आणि खड्ड्यांसकट.

कनेक्टरही हाताशी नसेल तर जुन्या बुलेटला एक देणगी आहे, न्यूट्रल फाइंडर. टाचेने ती छोटी लिव्हर दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमधून थेट न्यूट्रल. क्लचशिवाय गाडी चालवताना सिग्नलला किंवा टोलनाक्याला थांबायचं तर याच्याइतका आधार दुसरा नाही. पहिल्या गिअरमधून मात्र ती चालत नाही.

यापेक्षाही उत्तम उपाय काका निघायच्या आधीच करून देतात. नवीकोरी केबल जुन्या केबलच्या शेजारून हँडलपासून खालपर्यंत टाकून ठेवतात, दोन्ही टोकं टेपने बंद. जुनी तुटली की टाकी न काढता फक्त टोकं बदलायची. एका केबलची किंमत आणि अर्ध्या तासाचं काम, पण माझ्या मते सगळ्या तयारीत याच्याइतकं शहाणपणाचं दुसरं काही नाही.

साबणाचं काम मला सुरुवातीला पटलं नव्हतं. टाकी खालच्या शिवणीला पाझरायला लागली की तिथे कोरडा साबण रगडून भरायचा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो तिथे टिकून राहतो. थेट एम-सील लावलं तर ओल्या पत्र्यावर ते धरतच नाही, बोटालाच चिकटून परत येतं. साबणाने पाझर थांबला की भोवतीचा पत्रा फडक्याने पुसून, पॉलिश पेपरने रंग खरवडून, वर एम-सीलचा थर द्यायचा. दोन्ही रंगांचे गोळे एकजीव होऊन एकच रंग दिसेपर्यंत मळायचे आणि तासभर गाडी हलवायची नाही. हे सगळं इंजिन थंड झाल्यावर आणि जवळपास कोणी विडी ओढत नसताना. पावसात मात्र साबण वरून धुऊन जातो, तेव्हा वर ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी लागते.

व्हिजिटिंग कार्ड आहे पॉइंटच्या गॅपसाठी. बुलेटच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा. फीलर गेज असेल तर उत्तमच, पण जाड कार्ड साधारण त्याच जाडीचं असतं. पॉइंट पूर्ण उघडल्यावर कार्ड अडत अडत सरकलं पाहिजे. गाडी घरी येईपर्यंत तेवढं बस्स होतं.

ॲमीटरची, म्हणजे बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या काट्याची, गोष्ट स्वतः अनुभवलेली. काशेडीचा जुना घाट, संध्याकाळ, पाऊस नुकताच थांबलेला. एका खड्ड्यातून गाडी आदळली आणि हेडलाइट, हॉर्न, इंजिन सगळं एकदम बंद. फ्यूज पाहिला, शाबूत. या गाड्यांत बॅटरीचा सगळा करंट हेडलाइटवरच्या त्या छोट्या ॲमीटरमधून फिरून पुढे जातो. त्याच्या मागचा एखादा नट सैल झाला की आख्खी गाडी मरते. रिंगचा स्क्रू सोडला, हेडलाइट बाहेर लोंबू दिला, मोबाइलच्या उजेडात ॲमीटरच्या मागे हात घातला, तर एक वायर बोटाने हलत होती. बॅटरीची एक वायर आधी सोडली, मग ॲमीटरच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना नट-बोल्टने जोडल्या, वर टेप आणि टेपवर ट्यूबची पट्टी. बॅटरी जोडली आणि इग्निशनचा लाल दिवा लागला. लालबागमध्ये हीच रिंग एकदा उघडलेली होती म्हणून अंधारात बोटांना वाट सापडली.

आता ते काय करत नाहीत, तेही सांगायला हवं. पुढच्या ब्रेकच्या केबलला कनेक्टर लावून देत नाहीत, कितीही गयावया करा. ‘क्लच सुटलो तर गाडी थांबतली, ब्रेक सुटलो तर थांबूची नाय’, विषय बंद. ब्रेकची केबल गेली तर दुसरी केबल हवी नाहीतर टेम्पो. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांवरही त्यांचा राग आहे, आणि मी शंभर टक्के त्यांच्या बाजूची आहे. ती चांदी वितळायच्या आधी आतली वायरिंग पेटते. दोन फ्यूज डब्यात दिलेले असतात ते त्यासाठीच. आणि रस्त्यात केलेलं कुठलंही काम ते परत आल्यावर पहिलं सोडवतात. माझा तो ॲमीटरचा जोड त्यांनी नीट बघितला, ‘बरो केलंस’ म्हणाले आणि लगेच कापून टाकला. नवीन ॲमीटर, नवीन वायर, मागे स्प्रिंग वॉशर. उगाच काही बदलत नाहीत. जुन्या पार्टसाठी चोरबाजारात स्वतः जातात आणि आणलेला पार्ट आधी तुमच्या हातात देतात.

प्रायमरी चेनकेसमधून (इंजिनापासून क्लचला जाणाऱ्या चेनच्या पेटीतून) तेल गळतं अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. ते झाकण मधल्या एकाच नटावर बसतं आणि कडेला रबराची पट्टी असते. गळती दिसली की लोक नट आवळत सुटतात, झाकण वाकतं आणि गळती वाढते. काका पट्टी बदलतात, नट बेताने लावतात, पंधरा मिनिटांत मोकळे.

कमतरता आहेत. डब्यातला स्क्रू ड्रायव्हर अगदीच सुमार आहे, दोनदा जोर लावला की टोक गोल. तो काढून आपला चांगला ठेवा. बॅटरी-टॉर्च देत नाहीत, ती हवीच, मोबाइल तोंडात धरून काम होत नाही. एम-सील पडून पडून कडक होतं, दर पावसाळ्याआधी बदला. पंक्चरचं सामान नसतं. त्यांचं म्हणणं, कोकणात दर नाक्याला पंक्चरवाला आहे. ते खरं, पण त्याच्याकडे १९ इंची ट्यूब असेलच असं नाही, तेव्हा एक ट्यूब आपली न्या. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर आकडे लिहून देतात. फोनवर वेळ मिळत नाही, जाऊनच ठरवावं लागतं.

सगळ्यात मोठी अडचण गणपतीची. गाडीने गावी जाणाऱ्यांना त्यांची गरज नेमकी तेव्हाच असते, आणि त्याच दिवसांत लालबागच्या गल्ल्यांत सायकलसुद्धा शिरत नाही. काका तर त्याच्याही आधी कोकणकन्या पकडून गावी गेलेले असतात. नारळी पौर्णिमेच्या आत काम उरकून घ्या, त्यानंतर दार बंद.

येझदीवाल्यांसाठी एक. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तरी काकांकडे टू-स्ट्रोकचा हात पक्का आहे. त्या गाड्यांना ते डब्यात दोन जास्तीचे प्लग आणि पेट्रोलमध्ये मोजून ऑइल घालायची छोटी बाटली देतात. क्लचचं काम मात्र ते बुलेटचंच अधिक आवडीने करतात, हे मी येझदीवाल्या मैत्रिणीच्या गाडीवरून सांगते. तिला एकाच कामासाठी परत परत जावं लागलं.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आधी जा, दुपारी एक ते चार गाळा बंद असतो. रस्त्यात तुटलेली केबल, जळका फ्यूज, काळा प्लग फेकून देऊ नका, पिशवीत घालून न्या. तार एका जागी कापली गेली की धागा धागा सुटत गेली, हे बघूनच ते सांगतात की केबल टाकीखाली घासतेय की लिव्हरची खाच झिजलीय. नवी केबल ते त्यानंतरच काढतात.