माग काढायचा 10 मीटरचा पट्टा: आठ महिन्यांनंतर

चिंगी आमची गावठी कुत्री, तीन वर्षांची. जूनमध्ये तिला माग काढायला, म्हणजे माणूस चालत गेलेल्या वाटेचा वास हुंगत जायला, शिकवायचं ठरवलं आणि जवळच्या दुकानातून नायलॉनची दोरी आणली. पहिल्याच पावसात ती पाणी पिऊन इतकी जड झाली की चिंगी मागे ओलं गोणपाट ओढतेय असं वाटायचं. मग पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मोर दिसल्यावर तिने झेप घेतली, दोरी तळहातातून सर्रकन गेली आणि उजव्या हाताची सालं निघाली. त्याच आठवड्यात हा पट्टा मागवला. आतून पॉलिएस्टरची विणलेली पट्टी, वरून प्लास्टिकचा थर.

10 मीटर कशाला, असं बरेच जण विचारतात. माग काढणं हा आयजीपी या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा एक भाग आहे, आणि त्यात माणसाने कुत्र्याच्या 10 मीटर मागे राहायचं असतं. पहिल्या पातळीला आपणच चालून टाकलेला 300 पावलांचा, 20 मिनिटं मुरलेला, म्हणजे टाकून तेवढा वेळ झालेला, माग असतो. तिसऱ्या पातळीला परक्या माणसाचा, 600 पावलांचा आणि तासाभराचा. आम्हाला परीक्षा द्यायची नाही, पण सराव त्याच शिस्तीने करतो. टेकडीवर मोर आणि माणसांची वर्दळ, म्हणून सूसच्या बाजूला ओळखीच्यांचं पडीक शेत आहे तिथे जातो.

सुरुवात पायाने चौकोन तुडवून केली. प्रत्येक पावलाच्या ठशात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. चिरडलेलं गवत, उकरलेली माती आणि माणसाचा वास यांची सांगड तिच्या डोक्यात बसली की तुकडे विरळ करत जायचं. दोन महिन्यांत ती नाक जमिनीला लावून शंभर पावलं सलग जाऊ लागली.

पट्ट्याची खरी किंमत मला नोव्हेंबरात कळली. ताईने माग टाकला होता, अर्धा तास मुरू दिला होता. वळणावर चिंगी दोन-तीन पावलं पुढे गेली, थबकली आणि उजवीकडे घुटमळू लागली. ताई डावीकडे वळलीय अशी माझी खात्री, म्हणून मी पट्टा हलकेच डावीकडे ओढला. तिने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "अरे, सोड की तिला! मी उजवीकडेच वळलेय," ताई बांधावरून ओरडली. मी हात सैल सोडला. चिंगी पुन्हा खाली वाकली, नाकपुड्यांचा फुरफुर आवाज आला, आणि पट्टा माझ्या बोटांतून एकसारखा, संथ ताणाने पुढे निघाला. चाळीस पावलांवर ताईने मुद्दाम टाकलेला कातडी किल्लीपट्टा होता. त्याच्यासमोर ती पोट टेकून बसली, वस्तू सापडल्याची तिची खूण. त्या दिवसापासून तो ताण मी ओळखतो. माग पक्का असला की हाताला सारखा भार लागतो; शंका आली की पट्टा ढिला पडतो. ओल्या नायलॉनच्या वजनात हे काहीच कळत नव्हतं.

पावसाळ्यात चिखल नुसत्या फडक्याने निघतो. दिवाळीच्या सुमाराला कुसळं पिकली तेव्हा पट्ट्याला एकही चिकटलं नाही. छातीपट्ट्याच्या (हार्नेसच्या) मऊ अस्तरात मात्र ती घुसली, चिंगीच्या काखेत टोचून तिथे लाल झालं. गुळगुळीत अस्तराचाच छातीपट्टा घ्या, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या व कान तपासल्याशिवाय तिला सोडू नका. गोचिडीही तिथेच सापडतात.

आता खोट. सोबत आलेला हूक सप्टेंबरपर्यंत गंजला आणि खटका अडकू लागला. विक्रेत्याला दोनदा कळवलं, उत्तर नाही. शेवटी पितळी हूक बसवून घेतला. पट्टा ओला असला की हातातून निसटतो, म्हणून मी पातळ हातमोजे घालतो. टोकाला मूठ होती. ती घाणेरीच्या जाळीत अडकून चिंगीला जोराचा हिसका बसला, त्याच संध्याकाळी कापून टाकली. गाठही मारू नका, तीही तशीच अडकते.

रंग काळा घेतला, ही चूक झाली. उंच गवतात पट्टा कुठून गेलाय ते दिसत नाही आणि पाय पडतो. सध्या फेब्रुवारी संपत आलाय. साडेआठनंतर माती तापते, चिंगी धापा टाकू लागते, आणि धापणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. आम्ही दव असतानाच, साडेसहाला शेतात पोचतो. त्या अंधुक उजेडात काळा पट्टा अजिबातच दिसत नाही. दुसरा घेईन तो नारिंगी, पितळी हुकाचा, मुठीशिवाय.