क्रॉलरच्या नादात गेलेले ३२,९५० रुपये

परवा रात्री अमरावतीच्या मित्राचा मेसेज आला. एक फोटो आणि खाली दोन ओळी : "भाऊ, घेऊन टाकू का? भाव बरा वाटून राहिला." फोटोत लाकडी टेबल, त्यावर रिमोटच्या गाडीचे पार्ट : पोर्टल ॲक्सलची जोडी, शेजारी मोटर आणि सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर). तो फोटो मला तोंडपाठ होता. त्याच फोटोवर विसंबून मी मार्च महिन्यात ३२ हजार रुपये घालवले. मित्राला तिथल्या तिथे फोन करून थांबवलं. पण मला फसवणारा तो माणूस अजून तोच फोटो फिरवतोय म्हटल्यावर झोप लागेना. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

ज्यांना क्रॉलर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही रिमोटवरची गाडी, पण पळवायची नसते. दगडांवरून, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, चाक टेकवत टेकवत चढवायची. दोन्ही ॲक्सलची (चाकांच्या आसांची) डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, लॉक केलेली, चारही चाकं एकदम ओढतात. पश्चिम नागपुरात काळ्या दगडाला तोटा नाही. सेमिनरी हिल्सकडे फिरायला गेलो की माझी नजर झाडांवर कमी आणि 'या कपारीतून गाडी निघेल का' यावर जास्त असते. घरच्यांना हे वेड मान्य आहे, खर्च मान्य नाही.

तयार गाडी विकत घ्यायची नाही, घरी बांधायची, असं ठरवलं होतं. मी हिंगणा एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, हाताला सवय आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ॲक्सियल कंपनीच्या एससीएक्स१० टू या तयार क्रॉलरचा धरला, ३१३ मिलिमीटर. इतवारीतून ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आणली आणि त्रिमूर्ती नगरच्या घराच्या गच्चीवर करवत-कानशीने चासीच्या दोन बाजू काढल्या. लिंकसाठी, म्हणजे ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्यांसाठी, ६ मिलिमीटरचा रॉड घेतला, टोकांना २.५ मिलिमीटरचं भोक पाडून एम३ चे आटे काढले. पहिला टॅप रॉडमध्येच तुटला. दुसरा टॅप तेल सोडून, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे असा चालवला तेव्हा जमलं. या कामाला डिसेंबर-जानेवारी गेले आणि खरं सांगतो, ते माझे वर्षातले सगळ्यात सुखाचे महिने होते.

पण ॲक्सल, गिअरबॉक्स, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) हे काही गच्चीवर होत नाही. ते बाहेरूनच येतं. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली, तेव्हापासून आमच्यासारखे लोक वापरलेल्या सामानाकडे वळले. एकाची गाडी मोडली की त्याचे पार्ट दुसरा घेतो. ओळखीवर चालणारा बाजार. त्यातच हा भेटला.

तो पुण्याचा असल्याचं सांगायचा. नाव लिहीत नाही, कारण जे सांगितलं ते खरं असण्याची शक्यता शून्य आहे. आधी त्याच्याकडून १.९ इंची टायरचा सेट घेतला, २,२०० रुपयांना. चार दिवसांत आला, आतला फोम नवा, आणि एम३ स्क्रूची एक पुडी वरून फुकट. मग ६०० रुपयांचे रॉड एंड, म्हणजे लिंकच्या टोकाला बसणारे सांधे, घेतले. तेही चोख.

मला लोक विचारतात, तू एवढा भोळा कसा? मी भोळा नव्हतो. त्या माणसाला विषय कळत होता, हीच पंचाईत झाली. मी चासीचे फोटो पाठवायचो, तो चुका काढायचा. "दादा, बॅटरी मागे ठेवू नका. पुढच्या ॲक्सलवर, जेवढी खाली घेता येईल तेवढी घ्या. नाहीतर उभ्या चढाला गाडी पाठीवर पडेल." हे शंभर टक्के बरोबर आहे. आजही माझ्या गाडीत बॅटरी पुढेच आहे. ड्रॅग ब्रेक पूर्ण ठेवा, म्हणजे थ्रॉटल सोडला की गाडी उतारावर जागीच उभी राहील, हेही त्यानेच सांगितलं. दोन महिने असा फुकट सल्ला देणाऱ्या माणसाला, 'बाबा रे, आधी ओळखपत्र दाखव' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ज्याला काम येतं तो माणूसही नीट असणार, असं आपण धरून चालतो. कारखान्यात मी ही चूक कधी करत नाही. घरी केली.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याने फुल सेट काढला. पोर्टल ॲक्सलची जोडी, गिअरबॉक्स, ५५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) मोटर, ईएससी, २५ किलोचा मेटल गिअर सर्व्हो आणि दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या, ३२ हजार. पोर्टल ॲक्सल म्हणजे चाकाजवळ आणखी गिअर घालून मधली नळी चाकाच्या केंद्रापेक्षा वर उचललेली असते. खऱ्या गाड्यांत युनिमॉगला असतात. दगड पोटाला घासत नाही. माझं कधीपासूनचं स्वप्न.

मी व्हिडिओ कॉल मागितला. तर म्हणे गावी आलोय, रेंज नाही. मग त्याने मोटर फिरतानाचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. त्यात आवाज नव्हता. मी आवाज मागितला नाही. २० हजार आगाऊ मागितले, दिले. नंतर म्हणाला, लिथियम बॅटरी कुरियरवाले साध्या पार्सलात घेत नाहीत, वेगळ्या रस्त्याच्या गाडीने पाठवावी लागेल, म्हणून बाकीचेही आत्ताच करा. लिपोवर वाहतुकीचे निर्बंध असतात ही गोष्ट खरीच आहे. आणि वर हे : "दादा, तुमच्या नागपूरचं ऊन लागायच्या आत माल निघू दे. एप्रिलात गोदामात पडून राहिली तर बॅटरी फुगेल." आता यात खोटं काय काढणार? नागपूरकराला उन्हाची भीती घातली की तो घाई करतोच. १२ हजार त्याच संध्याकाळी यूपीआयने गेले.

पार्सल आलं. एकच, बॅटऱ्यांसकट. वेगळ्या गाडीचं काय झालं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. खोकं उघडलं, सगळं नगाला नग होतं, आनंदाच्या भरात मी मेसेज टाकला : "मिळालं भाऊ, एक नंबर!" तो मेसेज पुढे मला फार महागात पडला.

कंपनीत शटडाउन होता, त्यामुळे तीन दिवस खोक्याला हात लागला नाही. चौथ्या दिवशी पुढचा ॲक्सल लिंकला जोडायला घेतला. स्क्रू साधा चिमटीच्या जोराने आवळत होतो, आणि ॲक्सलचा कान अलगद तुटून हातात आला. तुटलेली बाजू पाहिली तर करडी, दाणेदार, ओल्या वाळूच्या ढेपेसारखी. ॲल्युमिनियम असं तुटत नाही, आधी वाकतं. हे स्वस्तातलं जस्ताचं ओतीव काम, वरून रंग.

मग सगळंच तपासलं. सर्व्होचे चार स्क्रू काढले. बाहेर दिसणारा शेवटचा गिअर तेवढा धातूचा, आतले सगळे पांढरे नायलॉनचे. मोटरवर ५५ टर्नचा स्टिकर, पण टर्न जास्त म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त असायला हवी. ही पंख्यासारखी सुसाट फिरत होती आणि बोटाने धरली की थांबत होती. बॅटरीवर ५२०० एमएएच क्षमता छापलेली. बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवली तर १३१ ग्रॅम. या मापाची दोन सेलची हार्डकेस बॅटरी २५० ग्रॅमच्या आसपास भरते. चार्जरवर सेलमागे ३.३ व्होल्टपर्यंत उतरवून परत ४.२ पर्यंत भरली, आत गेले १,६४० एमएएच. कापून पाहिली नाही, लिथियमला सुरी लावायची नसते. दुसरीची तीच गत. काटा घरात होता, चार्जर घरात होता, सगळं मिळून दोन तासांचं काम. 'एक नंबर' लिहिण्याआधी ते केलं असतं तर!

त्याला कळवलं. चिडला नाही. "अरेरे दादा, मित्राकडून आलेला लॉट होता, मलाही फसवलं बघा. परत पाठवा, पूर्ण पैसे देतो. रिव्हर्स पिकअपचे ९५० फक्त आधी भरा." ते मी भरले. होय, भरले. ३२ हजार बुडताना दिसले की ९५० ची काडी धरावीशी वाटते, आणि त्याला ते ठाऊक होतं. पिकअपवाला आला नाही. दोन दिवसांनी डीपी गायब झाला, मेसेजला एकच टिक राहिली.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पैसे जाऊन तीन आठवडे होऊन गेले होते. हा नंबर पैसे गेल्यावर लगेच, त्याच तासात लावायचा असतो, तेव्हाच ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा असते. ऑनलाइन तक्रारही दिली, पोचपावती आहे. ओळखीच्या वकिलांनी चॅट वाचलं आणि माझ्या त्या मेसेजवर बोट ठेवलं. माल आला आणि एक नंबर आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय, म्हणजे समोरचा म्हणणार की वाद फक्त दर्जाचा आहे. ग्राहक आयोगाचा रस्ताही त्यांनी सांगितला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. फक्त विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता हवा. माझ्याकडे एक बंद नंबर, एक यूपीआय आयडी आणि कुरियरच्या चिठ्ठीवरचा पत्ता. पुण्याच्या भाच्याला तिथे पाठवलं. त्या नावाची सोसायटीच नाही.

आता त्या फोटोबद्दल. तक्रारीला जोडायचा म्हणून मोठा करून पाहत होतो. टेबलामागे भिंत आहे, भिंतीवर एक सॉकेट. गोल, खोलगट, दोनच छिद्रांचं. जर्मनीकडे घराघरांत असतं तसं. आपल्याकडे तीन पिनांचं सपाट असतं. पुण्याच्या घरातल्या भिंतीवर हे कुठून येणार? फोटोवरूनच इंटरनेटवर तो मूळ कुठला ते शोधलं, तर बाहेरदेशातल्या कुणीतरी फार वर्षांपूर्वी आपले ॲक्सल विकायला टाकले होते, त्या जाहिरातीतला निघाला. मी तो फोटो महिनाभर रोज पाहत होतो. बावीस वर्षं सॉकेट, प्लग आणि पॅनल यांच्यातच काढलेला माणूस मी. माझी नजर टेबलाच्या पुढे गेलीच नाही.

मित्राला फोनवर म्हटलं, भिंत पाहा. त्याने झूम केलं आणि विदर्भातल्या माणसाने द्यावी तशी एक सणसणीत शिवी दिली.

त्या खोक्यातला ईएससी तेवढा खरा निघाला. तो चासीवर लावलाय. सर्व्हो मागच्या रविवारी मनीष नगरातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून घेतला, त्याच्या घरी बसून. जाताना ताणकाटा (ओढ मोजायचा स्प्रिंगचा काटा) सोबत नेला होता. सर्व्होच्या आर्मवर केंद्रापासून दोन सेंटिमीटरवर हुक अडकवला आणि त्याला रिमोट फिरवायला सांगितलं. काटा नऊ किलोवर थांबला, म्हणजे अठरा किलो-सेंटिमीटर. स्टिकरवर पंचवीस लिहिलेलं. मी काही बोलायच्या आत पोरगा म्हणाला, "काका, सहा व्होल्टवर हा अठराच देते. पंचवीस पाहिजे तर व्होल्टेज वाढवा लागते." मी पंधराशे रुपये दिले. त्याच्या आईने चहा दिला, आणि ताणकाटा कशाला आणला होता म्हणून विचारलं.