कॅलिफोर्निया ड्रायव्हर्स हँडबुक: लायसन्स असलं तरी वाचा

डीएमव्हीचं, म्हणजे इथे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याचं, हे हँडबुक फुकट मिळतं, त्यांच्या वेबसाइटवरही आहे. इथे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते लायसन्स हातात आल्यावरही अधूनमधून वाचावं, असं माझं ठाम मत आहे. माझं लायसन्स जुनं आहे. लेक साडेपंधरा वर्षांची झाली, तिला शिकाऊ परमिट काढायचं होतं, म्हणून तिच्याबरोबर मीही पहिल्या पानापासून वाचायला बसले.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की नियम मोजमापासकट दिलेत. वळण्याच्या किमान १०० फूट आधी सिग्नल द्यायचा. समोरून गाडी येत असेल तर ती ५०० फुटांवर येईपर्यंत हाय बीम उतरवायचा, कुणाच्या मागे असाल तर ३०० फुटांवर. सायकलवाल्याला ओलांडताना निदान ३ फूट अंतर, आणि शेजारची लेन मोकळी असेल तर सरळ लेनच बदलायची. नव्याने शिकणाऱ्या मुलांना 'जरा जपून गं' म्हणून काही हाती लागत नाही, आकडा सांगितला की लागतं.

वेगाबद्दलचा भाग तर मी लेकीला मोठ्याने वाचायला लावला. वस्तीत ताशी २५ मैल, बहुतेक फ्रीवेंवर ६५ हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या वरचढ एक मूळ नियम आहे: परिस्थितीला जो वेग सुरक्षित, त्याहून जोरात जायचं नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. हिवाळ्यात सेंट्रल व्हॅलीत दाट धुकं उतरतं तेव्हा आय-५ हायवेवर ६५ ने जाणाऱ्यालाही तिकीट मिळू शकतं. आणि पावसात वायपर सुरू असतील तर हेडलाइटही लागलेच पाहिजेत.

स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले की थांबायचं, समोरून येणाऱ्यांनीसुद्धा. रस्त्याला मधे दुभाजक असेल किंवा दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असतील, तर मात्र पलीकडच्यांनी थांबायची गरज नाही. दंड १,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. लहान मुलं धावत रस्ता ओलांडतात, मला हा दंड अजिबात जास्त वाटत नाही.

कमी पडलं ते चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकाचं. आमच्या वस्तीत पावलोपावली असे चौक आहेत. आधी आला तो आधी जाईल, दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची, एवढ्यावर पुस्तक आटोपतं घेतं. नवख्या माणसाची खरी घालमेल तिथेच होते. मला वहीत चौक काढून, पेन्सिलीने गाड्या सरकवून दाखवाव्या लागल्या.

१८ च्या आतल्यांसाठीचे नियम आईबापांनी नीट वाचावेत. परमिट किमान ६ महिने, ५० तासांचा सराव, त्यातले १० तास रात्रीचे. लायसन्सनंतरचं पहिलं वर्षभर, सोबत २५ वर्षांवरचा लायसन्सवाला नसेल, तर रात्री ११ ते पहाटे ५ गाडी काढायची नाही आणि २० वर्षांखालच्या मित्रमैत्रिणींना बसवायचं नाही. फोन तर हँड्सफ्रीसुद्धा चालत नाही. लेक जरा हिरमुसली. मला मात्र बरं वाटलं, कारण 'नाही' म्हणायचं काम कायद्यानेच करून टाकलं.

परमिटच्या परीक्षेत १८ खालच्यांना ४६ प्रश्न असतात, ३८ बरोबर लागतात. मोठ्यांना ३६ पैकी ३०. नुसत्या सराव प्रश्नांवर विसंबू नका, रस्त्याच्या कडेला मारलेल्या रंगांचा भाग तरी पुस्तकातूनच वाचा: लाल, पिवळा, पांढरा, हिरवा, निळा.

घरात जुनी प्रत असेल तर ती वापरू नका, चालू वर्षाचीच घ्या. २०२५ पासून पादचारी पट्ट्यांच्या अलीकडच्या २० फुटांत गाडी लावली तर तिकीट मिळतं, तिथे लाल रंग किंवा पाटी नसली तरी.