पीपिंग टॉम (१९६०) : रक्त फारसं नाही, तरी झोप उडाली

परवा रात्री पाहिला दिग्दर्शक मायकल पॉवेलचा हा पिक्चर आणि अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. सिरीयल किलरवाले इतके पाहिलेत की आता काही अंगावर येणार नाही असं वाटायचं, हा आला.

लंडनमधला मार्क लुईस फिल्म स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळतो, लाजाळू, अगदी हळू बोलणारा, आणि ट्रायपॉडच्या पायात लपवलेल्या पात्याने बायकांना मारताना त्यांच्या चेहऱ्यावरची भीती शूट करतो. पहिला खून आपल्याला त्याच्याच कॅमेऱ्यातून दिसतो, मधोमध ती फुली, पुढे जिना चढणारी बाई.. आणि लगेच तोच सीन परत, आता तो अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर लावून बघत बसलाय. तेव्हा लक्षात आलं, मीही अंधारातच बसलेय आणि नजर काही हटत नाहीये! जखमा दाखवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टोचतं.

मार्कचा बाप भीतीवर संशोधन करणारा, पोराला झोपेतून दचकवून उठवायचा, अंथरुणात सरडा सोडायचा आणि सगळं शूट करायचा. हा बाप स्वतः पॉवेलने केलाय आणि लहान मार्क म्हणजे त्याचाच मुलगा, हे कळल्यावर तो भाग बघताना मला कसंतरीच झालं.

पण जीव अडकला तो मार्कच्याच घरात खाली राहणाऱ्या हेलनबरोबर जेवायला जायच्या सीनमध्ये. ती त्याला कॅमेरा घरी ठेवायला लावते, रस्त्यात एक जोडपं किस करताना दिसतं आणि याचा हात आपोआप खांद्याकडे जातो, तिथे कॅमेराच नाही! बास, एवढंच, पण मार्क झालेल्या कार्ल बोमने ते असं केलंय की खुनी असूनही त्याची दया येते आणि दया येते म्हणून स्वतःचाच राग येतो. त्याचा जर्मन उच्चार मात्र लंडनमध्ये वाढलेल्या माणसाला शोभत नाही, आणि पोलिसांचे सीन रटाळ आहेत.

हेलनची आंधळी आई (मॅक्सिन ऑडली) तर कमाल. खालच्या मजल्यावर राहून रोज रात्री वरच्या खोलीतले आवाज ऐकते, आणि जिला काहीच दिसत नाही तिलाच याचं काहीतरी बिनसलंय हे कळतं. तिच्यासमोर तो पार गळून जातो.

त्याच वर्षी आलेला सायको तुफान चालला आणि याला मात्र ब्रिटिश समीक्षकांनी इतकं झोडपलं की पॉवेलचं तिथलं करियर जवळपास संपलं, फार वाईट वाटतं. खूप वर्षांनी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने पुढाकार घेतला तेव्हा कुठे लोकांनी परत पाहिला.

रात्री एकट्याने बघू नका, पण बघाच. फक्त आधी कुठे काही वाचू नका, कारण त्या पात्याबरोबर तो अजून एक वस्तू वापरतो, ती शेवटी कळते, आणि मी तिथे पिक्चर थांबवून पाच मिनिटं नुसती बसून होते.