तलंगा म्हणून घेतल्या, म्हाताऱ्या निघाल्या

अंडं उकडायला ठेवलं आणि पाण्याला रंग चढायला लागला. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "अगं, अंडं टाकलंयस की चहा?" मी हसले. दोन मिनिटांनी चमच्यानं अंडं वर काढलं, तर खालची बाजू पांढरीफटक आणि वर ओघळल्यासारखे तपकिरी डाग. मग मात्र हसू पळालं. हेच अंडं आदल्या संध्याकाळी एका माणसानं माझ्या तळहातावर ठेवलं होतं आणि म्हणाला होता, "बघा ताई, वाटेतच घातलं. कोंबडी अंड्यावर आलीय, आणखी काय पुरावा पायजे?"

सहा कोंबड्या, साडेचारशेची एक. सत्तावीसशे रुपये आणि वर पेट्रोलचे दोनशे. लाखांची फसवणूक झालेल्यांना हा आकडा चिल्लर वाटेल, पण ज्या पद्धतीनं झाली ती माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर साताऱ्याहून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. मागे परसू, त्यात शेवगा, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि एक गळका नळ. दोन वर्षांपूर्वी आईनं माहेराहून डालग्यात घालून दोन कोंबड्या पाठवल्या, एक तुरेवाली आणि एक ठिपकी. आम्ही त्या कापायला पाळल्या नाहीत. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मागे पळते, ठिपकी तिच्या मांडीवर बसून भरडलेला मका खाते. अंडी मिळतात ती वरकड कमाई. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देणार, त्यात खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की महिनाभर सगळं बंद. तरी लेकीला "अजून कोंबड्या" हव्याच होत्या आणि खरं सांगायचं तर मलाही हव्या होत्या.

फोनवर एक जाहिरात आली. "अंड्यावर आलेल्या अस्सल गावरान तलंगा, घरपोच." तलंग म्हणजे पहिल्या अंड्याला टेकलेली तरणी कोंबडी. पिल्लांपासून वाढवायचा धीर नसलेल्या माझ्यासारखीला हेच हवं असतं. मी फोन केला.

इथे मी मुद्दाम थांबते, कारण फसले ती त्या फोनवर. कोंबड्या नंतर आल्या.

मी आधी कडकनाथचा भाव विचारला, सहज. कडकनाथ म्हटलं की माझे कान टवकारतात. २०१९ साली सांगली-इस्लामपूरकडचं प्रकरण आमच्या भागात चांगलंच गाजलं होतं. पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्ही परत घेतो असं सांगून किती शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आमच्या पाहुण्यांतही एक जण त्यात होते. तर हा माणूस फोनवर म्हणतो कसा, "ताई, कडकनाथच्या नादी लागू नका. खरा कडकनाथ झाबुव्याचा. इथं काळ्या पिसांची कुठलीही कोंबडी कडकनाथ म्हणून गळ्यात मारतात." मला बरं वाटलं. पुढे तो म्हणाला, बाजारात गावरान म्हणून जी अंडी मिळतात त्यातली निम्मी चहाच्या पाण्यात बुडवलेली असतात. शेवटी लेअरवाल्यांना, म्हणजे फक्त अंड्यांसाठी फार्मवर कोंबड्या ठेवणाऱ्यांना, त्यानं चार शिव्या हासडल्या: औषधांवर वाढवलेल्या कोंबड्या लोक गावरान म्हणून विकतात, पाप आहे.

एवढं सगळं स्वतःहून सांगणारा माणूस मला कशाला फसवेल? असंच वाटलं मला. त्यानं मला तीन फसवणुकींपासून सावध केलं, आणि त्यातल्या दोन तर माझ्यावरच करणार होता.

लशींचं विचारलं. "सगळ्या झाल्यात." कुठल्या कुठल्या? "सगळ्याच."

तो आला दिवेलागणीला. म्हणे कोंबड्या अंधारात शांत असतात, न्यायला-आणायला बऱ्या. हे खरंच आहे, आईसुद्धा कोंबडी हलवायची तर रात्रीच हलवते. म्हणून मी काही बोलले नाही. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये सहा कोंबड्या, विटकरी रंगाच्या, सहाच्या सहा एका साच्यातून काढल्यासारख्या. मी म्हटलं, सगळ्या सारख्याच कशा? तर म्हणाला, "एकाच रवणीच्या बहिणी आहेत ना." मोबाईलच्या उजेडात एकीची मान उघडी दिसली. "अंड्यावर यायच्या आधी पिसं झडतातच ताई." मग ते अंडं हातावर आलं आणि लेकीनं टाळ्या वाजवल्या. पैसे फोनवरून पाठवले. पडद्यावर नाव कुठल्याशा बाईचं आलं, तर म्हणाला घरचंच खातं आहे. दहा मिनिटांत गाडी वळवून गेलासुद्धा.

लेकीनं रात्रीच नावं ठेवली: शेवंती, अबोली, जाई, जुई, मोगरा, चाफा. सकाळी कुठली कोण हे तिलाही ओळखेना, म्हणून पायात वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले. गावरान कोंबड्यांना कधी कुणाला दोरे बांधावे लागले आहेत का? एक काळी, एक कबरी, एकीला तुरा, एकीची मान नागडी. एकाच आईची पिल्लंसुद्धा एकसारखी निघत नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी शांतपणे दोऱ्यांना गाठी मारत बसले होते.

सकाळी खुराड्याचं दार उघडलं. तुरेवाली आणि ठिपकी नेहमीसारख्या उडी मारून बाहेर पडल्या. नव्या सहा जणी बाहेरच येईनात. एकेकीला उचलून अंगणात ठेवलं तर मातीवर पाय उचलून धरत होत्या, चटका बसल्यासारखे. मका टाकला तर चोच मारायच्या आणि दाणा निसटायचा. पाण्याचं भांडं शेजारी भरलेलं, त्याच्याकडे ढुंकूनही बघेनात. दुपारी बघते तर सहाही जणी त्या गळक्या नळाखाली गोळा झालेल्या, माना वर करून पडणाऱ्या थेंबाला टोचा मारत होत्या. एक थेंब, एक टोचा. मला वाटलं काय गमतीदार आहेत. व्हिडिओ काढून आईला पाठवला. आईचा फोन आला, "पिंजऱ्यातल्या दिसतायत गं. असल्या कोंबड्या नळीला चोच लावूनच पाणी पितात. त्यांना भांडं माहीतच नसतं."

त्याच दिवशी दुपारी मी ते अंडं उकडायला ठेवलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

चौथ्या दिवशी अबोली शिंकायला लागली आणि तिचा एक डोळा सुजला. आठवड्यात ठिपकीचाही सुजला. दोघींना पिशवीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी ठिपकी पाहिली, मग अबोली हातात घेतली आणि विचारलं, "ही कितीची घेतली?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. अबोलीला त्यांनी उताणी केली आणि मला म्हणाले, या, बघा.

चोच बघा. वरची चोच पुढून बोथट, खालची थोडी पुढे आलेली. लहानपणीच यंत्रानं कापतात, एकमेकींना टोचू नये म्हणून. अंगणात वाढलेल्या कोंबडीची चोच अशी कोण कशाला कापेल? नखं बघा. लांब होऊन वळलेली, कारण उकरायला माती कधी मिळालीच नाही. मानेखालची पिसं खाद्याच्या पन्हळीवर घासून घासून गेलेली. "आणि तलंगेची पिसं झडत नसतात हो. अंड्यावर येणारी कोंबडी तर नवरीसारखी चमकते. पिसं झडतात ती वर्ष-दीड वर्ष अंडी घातलेल्या कोंबडीची." पाय पांढुरके पडलेले. या जातीचे पाय मुळात हळदीसारखे पिवळे असतात, अंडी घालत जाते तसा तो पिवळेपणा उतरत जातो. मग त्यांनी माझी बोटं धरून तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये ठेवली. तीन बोटं आरामात बसली. अंड्यावर न आलेल्या तलंगेत जेमतेम एक बसतं.

सगळ्यात शेवटी त्यांनी छातीचं हाड चाचपायला लावलं. ते सरळ नव्हतं. मध्येच वाकलेलं, इंग्रजी एस अक्षरासारखं. "एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ही वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालणारी. खाद्यातून पुरत नाही तेव्हा हाडातून काढते." अबोली तशीच उताणी, एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. मला एकदम रडू आलं. पैशांसाठी नव्हे.

लेअर फार्मवर कोंबड्या साधारण सत्तर-ऐंशी आठवड्यांपर्यंत ठेवतात, मग अंडी घटली की सगळा लॉट एकदम काढतात. या 'खाली झालेल्या' कोंबड्या कापायला मातीमोल भावात जातात. पांढऱ्या असतील तर कुणीही ओळखतं. विटकरी असतील तर शहरातल्या, निमशहरातल्या हौशी माणसाला गावरान म्हणून खपवता येतात, तेही तिप्पट-चौपट भावानं. लशींचंही डॉक्टरांनी सांगितलं: मानमोडी रोगावरची लासोटा पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची लस दुसऱ्या आठवड्यात, मानमोडीची पुढची लस आठ आठवड्यांना. ज्यानं खरंच दिली आहे तो महिना-वार सांगतो, "सगळ्याच" म्हणत नाही.

सर्दीवर औषध मिळालं, पाण्यातून द्यायचं, आणि तोवरची अंडी खायची नाहीत. अबोली बरी झाली. ठिपकी नाही झाली. नवे पक्षी निदान तीन आठवडे वेगळे ठेवायचे असतात हे मी आधी ऐकलं होतं. पण मला वाटलं होतं, ते मोठ्या पोल्ट्रीवाल्यांसाठी. लेकीला मी अजून सांगितलेलं नाही की ठिपकी माझ्यामुळे गेली.

त्या माणसाला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, "जागा बदलली की कोंबड्या बावरतात, पंधरा दिवस द्या." अंड्याचं विचारल्यावर फोन कट. नंतर लागेचना. चौकीत गेले तर तिथल्या हवालदारांनी विचारलं, कोंबड्या मिळाल्या ना? मिळाल्या. जिवंत मिळाल्या ना? जिवंत. मग, म्हणाले, तक्रार काय लिहू, वय जास्त आहे म्हणून? शेजारचा शिपाई हसला. मीही हसले, काय करणार. खरेदीची पावती नाही, गाडीचा नंबर घेतलेला नाही, आणि जाहिरात दुसऱ्याच दिवशी गायब.

कुणी विचारलं तर आता मी एवढंच सांगते. भरदिवसा घ्या, आणि हातात घेऊन उलटी करून बघा, विकणाऱ्याला राग आला तरी चालेल. जमलं तर जिथे वाढल्या तिथेच जाऊन घ्या, म्हणजे अंगण दिसतं, कोंबडा दिसतो, बाकीची पिलावळ दिसते. घाई नसेल तर त्याहून सोपं म्हणजे खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ओळखीच्या घरची अंडी ठेवायची. पावसाळ्याआधी तुरेवाली खुडूक बसली तेव्हा आईकडून अकरा अंडी आणली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. एकही दुसरीसारखं नाही. त्यातले निदान चार कोंबडे निघणार असं आई म्हणते, आणि मग पहाटे चारला आरवायला लागले की शेजारच्या काकांचं काय करायचं हा वेगळा प्रश्न आहे. ज्यांना सरकारी खात्यातूनच पिल्लं हवीत त्यांच्यासाठी कोल्हापूरला पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र आहे. तिथेही नर-मादी मिसळ मिळते हे धरून चालायचं.

सहापैकी दोघी गेल्या. जुई आठवडाभरातच, पोटात अंडं अडकून. चाफा पावसात. उरलेल्या चौघी अंडी जवळजवळ घालत नाहीत, घातलं तर कवच इतकं पातळ की अंगठ्यानं दबतं. घरचे म्हणाले, विकून टाक. कुणाला विकू? आणि काय सांगून?

नवी पिसं मात्र आली आहेत. महिनाभरापूर्वी शेवंती चुलीच्या राखेत आडवी पडून पंख झाडताना दिसली. आधी वाटलं मरतेय. धावत गेले तर डोळे मिटून मजेत लोळत होती, आयुष्यात पहिल्यांदाच असावं. मग बाकीच्या शिकल्या. दाणे टिपणं त्यांना अजून नीट जमत नाही, म्हणून कण्या भिजवून ताटलीत देते. पाणीही आता भांड्यातून पितात, पण दुपार झाली की चौघी नळाखाली जाऊन उभ्या राहतातच. ह्यांनी वॉशर आणून दोन महिने झाले. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत तसंच पडून आहे, लेक बसवू देत नाही.