नव्या भौतिकीचा माग: केऑन की म्यूऑन?

स्टँडर्ड मॉडेल म्हणजे मूलकण आणि त्यांच्यातल्या बलांचा आजचा मान्य सिद्धांत. त्यापलीकडचं काही शोधायला दुर्मीळ क्षय, म्हणजे एखाद्या कणाचं क्वचितच घडणारं विघटन, हा उत्तम मार्ग. ज्या जड कणांना जन्म देण्याइतकी ऊर्जा आपल्या यंत्रांत नाही, तेही क्षयाच्या प्रमाणावर खूण सोडू शकतात.

केऑन हा क्वार्कांपासून बनलेला अल्पायुषी कण, पायॉन त्याचाच हलका भाऊबंद, आणि न्यूट्रिनो म्हणजे कशाशीही क्वचितच क्रिया करणारे कण. धनभारित केऑनचा पायॉन आणि न्यूट्रिनोंच्या जोडीत होणारा क्षय घ्या. स्टँडर्ड मॉडेलचं भाकीत दर १० हजार कोटी केऑनांमागे सुमारे ८ इतकं, आणि त्यातली अनिश्चितता फार थोडी. म्हणून मोजणीतला फरक खरंच काही सांगतो. अडचण अशी की न्यूट्रिनो निसटतात, दिसतो तो एकटा पायॉन. शिवाय जवळपास ६४ टक्के केऑन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि न्यूट्रिनो देतात. तो म्यूऑन चुकून पायॉन समजला गेला की हिशेबच बिघडला! सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या एनए६२ प्रयोगाने हे सगळं गाळून २०२४ मध्ये हा क्षय दिसल्याचं जाहीर केलं. तेवढ्याच केऑनांमागे आकडा निघाला १३. भाकितापेक्षा जास्त, पण मोजणीतली अनिश्चितता पाहता विसंगती म्हणता येत नाही.

म्यूऑनचा इलेक्ट्रॉन आणि फोटॉनमध्ये क्षय मात्र स्टँडर्ड मॉडेलमध्ये जवळजवळ अशक्यच. स्वित्झर्लंडमधला मेग-२ प्रयोग एकाच क्षणी विरुद्ध दिशांना सुटलेले, प्रत्येकी ५२.८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे पॉझिट्रॉन आणि फोटॉन शोधतो; तिथले म्यूऑन धनभारित असल्याने इलेक्ट्रॉनऐवजी त्याचा धनभारित प्रतिकण, पॉझिट्रॉन, निघायला हवा. अजून काही सापडलेलं नाही.

मला म्यूऑनचा मार्ग जास्त भावतो. तिथे एक खात्रीची घटनासुद्धा पुरेशी ठरेल. पण काहीच दिसलं नाही, तर हा क्षय जास्तीत जास्त किती वेळा घडू शकतो याची मर्यादा तेवढी खाली सरकते. केऑनची मोजणी मात्र दरवेळी प्रत्यक्ष आकडा हाती देते.